ओस पडलेल्या धनगरवाड्यांचा पुरातत्त्वीय अभ्यास होऊ शकतो का, की जोत्यांपलीकडे काही उरतच नाही?

उरतं की. भरपूर उरतं. फक्त बघणाऱ्याला म्हशीतलं काहीतरी कळायला पाहिजे.

तुम्ही प्रश्नात स्कॉटलंडच्या शीलिंगांचं उदाहरण दिलंय. उन्हाळ्यात बायकापोरं गुरं घेऊन डोंगरावर जायची, तिथंच लोणी-चीज करायची, आणि त्या झोपड्यांच्या जोत्यांवर आता तिकडं संशोधन चालतं. ते सगळं खरं, पण तोच साचा इथं लावू नका. आपल्याकडं पावसानं गणित उलटं केलंय. मेंढके धनगर पावसाळ्यात पूर्वेच्या कोरड्या माळावर असतात, कारण ओल्यात मेंढीचे खूर सडतात. दिवाळीनंतर काही कळप घाट उतरून कोकणात जातात. म्हशीवाले गवळी धनगर मात्र भर पावसात माथ्यावरच. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ साली त्यांच्यावर निबंध लिहिला, त्यात ही मांडणी आहे: माथ्यावर गवळी धनगर, खोऱ्यात कुणबी, वरून लोणी-तूप खाली आणि खालचं धान्य वर. तेव्हा राधानगरी-गगनबावड्याकडं सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जोतं दिसलं की 'हंगामी तळ' म्हणून मोकळं होऊ नका. ते बारमाही घर असू शकतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. माझं आजोळ राधानगरीकडच्या एका धनगरवाड्याचं. वाडा केव्हाच उठला. तिथल्या एका जोत्यावर एका ट्रेकिंग ग्रुपनं 'शिवकालीन चौकी' असा बोर्ड ठोकलाय. ज्या मामांचं सगळं लहानपण त्या जोत्यावर गेलं, त्यांनाच घेऊन मी वर गेलो. नेमकी ती मंडळी तिथंच होती, चहा उकळत होता. चुलीला दगड कुठले? जोत्याच्या कोपऱ्यातली जुनी चूल उचकटून आणलेले.

मामा आत शिरले ते थेट दाराच्या जागेतनं, पडक्या भिंतीवरनं उडी मारून नव्हे. म्हणाले, "चौकी कसली घिऊन बसलाय? हितं म्हशी बांधत हुतो आमी." आणि एकेक दाखवत गेले. पश्चिमेची भिंत बाकीच्यांच्या दुप्पट जाड, कारण पावसाचा मारा तिकडनं. दार पूर्वेला. अर्ध्या भागात दगडी फरशी, तिला उतार, आणि उताराच्या टोकाला भिंतीत मूठभर भोक, मूत बाहेर जायला. बिनफरशीच्या अर्ध्यात माणसं. मधे दगड नाहीतच, कारण तिथं कारवीचा कूड होता, शेणानं लिंपलेला. तो कुजून गेला. उखळ जमिनीत पुरलेलं म्हणून तेवढं मागं राहिलं. जातं, भांडी, वासे, सगळं खाली आलं. दाराची चौकट मामांच्या आत्ताच्या घराला आहे. म्हणजे आत काही सापडत नाही ते लोक कंगाल होते म्हणून नव्हे, सवडीनं आवरून गेले म्हणून. भोकाच्या खाली काळ्या मातीचा पट्टा होता. आजूबाजूला सगळा जांभा उघडा, आणि तिथं हात कोपरापर्यंत आत जातो. पिढ्यान्‌पिढ्यांचं शेण ते.

ग्रुपचा म्होरक्या काय म्हणावा? "मामा, तुम्ही नंतर येऊन राहिला असाल. जोतं महाराजांच्या काळातलंच."

"मग म्हाराजांच्या म्हशी असतील," मामा म्हणाले.

चौकीला मुताचं भोक कशाला लागतं, याचं उत्तर त्या गड्यानं अजून दिलेलं नाही.

आणि शेणाला हसू नका. तेलंगणात उतनूरला ऑल्चिन या पुरातत्त्वज्ञानं १९५७ साली राखेचा ढिगारा खोदला. ती राख जळालेल्या शेणाची निघाली, आणि नवाश्मयुगातल्या गुरांच्या खुरांचे ठसे जसेच्या तसे मिळाले. कर्नाटकात बुदिहाळला के. पद्दय्यांनी असाच तळ खोदला. इतिहासकार दा. ध. कोसंबी पुण्याच्या आसपास धनगरांच्या वाटा पायी धुंडाळत होते, त्यांना त्या वाटांवर सूक्ष्मास्त्रं, म्हणजे अश्मयुगातली दगडाची बारीक हत्यारं, मिळाली. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीचा गोठा हे पुरातत्त्व, आणि मामांचा गोठा म्हणजे नुसते धोंडे! आमच्या कोल्हापूरकरांना तर ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली झालेलं उत्खनन आणि टाउन हॉल संग्रहालयातला पोसायडन, म्हणजे रोमकडून आलेली समुद्रदेवाची मूर्ती, सोडून दुसरं काही सांगता येत नाही. रोमशी व्यापार होता हे अभिमानानं सांगतील. त्याच शहराला तूप कोण पुरवत होतं, हे विचारा, गप्प. कायद्याचंही तसंच. पुरावशेषांच्या १९७२ च्या कायद्यानं वस्तू 'पुरावशेष' ठरायला साधारण १०० वर्षं लागतात. तोवर साक्षीदार मरून गेलेले असतात.

म्हणून माझं मत विचाराल तर खोदकाम नंतर. आधी वाड्यावर जन्मलेली माणसं गाठा, त्यांना जोत्यावर उभं करा आणि बोलू द्या. नकाशा काढा. पाणवठा, नाचणीच्या पट्ट्या, झाडाखालचे देवाचे दगड, सगळं त्यात घ्या. शेणामुताचं फॉस्फेट मातीत टिकून राहतं, त्याची तपासणी केली तर गुरं कुठं बांधत होते ते माणूस नसतानाही कळतं, पण माणूस आहे तोवर त्याला विचारायला काय होतं?

तसा मी पुरातत्त्वाचा माणूस नाही. आणि म्होरक्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पाणी आणि आडोसा असलेली जागा लोक परतपरत वापरतात, मामांच्या जोत्याखाली आणखी जुनं काही असूही शकेल. पण ते परवाना घेऊन, रीतसर खोदून ठरेल, बोर्ड ठोकून नव्हे. अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याची परवानगीही लागेल.

त्या भागात गेलात तर बोर्ड दिसेलच. भिंतीतलं भोक उजव्या हाताला खाली आहे, फोटो काढा आणि त्या ग्रुपला पाठवा. चहाला दगड मात्र दुसरे घ्या.