पोच घेतली होती का?

ताई, दिवंगत भावाच्या मुलाला तुम्ही सांभाळताय, बालसंगोपन योजनेचा (आईवडिलांचा आधार नसलेल्या मुलांसाठी सरकारची महिन्याची मदत) अर्ज दिलाय आणि आठ महिने 'प्रक्रियेत आहे' एवढंच ऐकताय, हे वाचून माझंच २०२२ साल आठवलं. नणंद गेली आणि तिची लेक आमच्याकडे आली, तेव्हा सात वर्षांची.

कागद कुठले लागतात ते तुम्हाला ठाऊक असणारच. मी एवढंच विचारते, पोच, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का, आहे का? माझ्याकडे नव्हती. टेबलावरच्या बाईंनी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळे मूळ कागद फाईलला लावले, लाल नाडी बांधली, 'झालं, या' म्हणाल्या. मी आले! इतकं गोड बोलणाऱ्या माणसाकडे शिक्का कसा मागायचा, असं वाटलं. चार महिन्यांनी त्यांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, असा अर्ज आवक रजिस्टरला नाहीच. झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि तारीख घातली असती तर माझे अकरा महिने वाचले असते. रक्कम आमची मंजुरीच्या आदेशाच्या तारखेपासून धरली, मागचं काही नाही. तेव्हाच्या महिन्याला ₹१,१०० नी हिशेब करा.

शेवटी पोरीला घेऊन थेट बालकल्याण समितीपुढे, म्हणजे हा आदेश देणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, उभी राहिले. तिथली माणसं बरी निघाली. 'मामीकडे आवडतं का?' विचारलं तर ही म्हणते, 'आवडतं, पण डब्यात सारखी मेथी असते.' मग गृहभेट (अधिकारी घरी येऊन बघतात ती) आणि आदेश दोन्ही पटापट झालं.

२०२३ पासून महिन्याला ₹२,२५० झाले, योजनेला सावित्रीबाईंचं नाव दिलं, चांगलंच आहे. पण रक्कम वाढवून गृहभेटीला माणूस वाढत नाही. अधिकाऱ्याकडे गाडी नाही म्हणून आमची भेट दोनदा पुढे गेली होती. माझ्या मते सुधारणा तिथून व्हायला हवी. मी काही वकील नाही, जिल्ह्याजिल्ह्यात रीत वेगळी असेल. तरी समितीच्याच कामाबद्दल तक्रार असेल तर ती बाल न्याय कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. लेखी करा, आणि त्याचीही पोच घ्या.

आणखी एक, मुलाचं बँक खातं आधारला जोडलंय का ते आजच बघा. आमचा पहिला हप्ता त्यापायी अडकला होता. आदेश हातात आला की तो कधीपर्यंत चालतो ती मुदतही वाचा, आमच्याकडे ती कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते.