हिवाळ्यात रॉकी पर्वताच्या उद्यानात जाण्यापूर्वी

अनेक आशीर्वाद.

जानेवारीत कोलोराडोतल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात चार दिवस राहण्याचा तुझा बेत वाचून मनापासून आनंद झाला. उन्हाळ्यात तिथे एवढी गर्दी लोटते की प्रवेशाची वेळसुद्धा आधी राखून ठेवावी लागते; जानेवारीत, विशेषतः आठवड्याच्या मधल्या दिवशी, त्याच वाटेवर तासभर चालूनही माणूस दिसत नाही. ही शांतता अनुभवण्यासारखी आहे, पण तिच्यात जाण्याची तयारी वेगळी असते, म्हणून हे सविस्तर लिहितो.

तुझ्या आखणीतला ट्रेल रिज रोडचा दिवस आधी खोडून टाक. तो रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो आणि साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या अखेरीपर्यंत त्याचा वरचा भाग वाहनांना बंद असतो. बेअर लेकचा रस्ता मात्र हिवाळ्यातही खुला ठेवतात. तो तलाव सुमारे साडेनऊ हजार फुटांवर असल्याने पहिला दिवस खाली एस्टेस पार्क या गावातच, साडेसात हजार फुटांवर, स्वस्थपणे काढ. विरळ हवेची सवय शरीराला हळूहळूच होते. दुसऱ्या दिवशी बेअर लेकहून निंफ लेक आणि जमल्यास ड्रीम लेक, एवढेच ठरव. उन्हाळ्यातल्या अंतराच्या निम्मे अंतर हिवाळ्यात पुरेसे असते, कारण मऊ बर्फात पाऊल रुतले की प्रत्येक पावलाला दुप्पट कष्ट पडतात.

त्या रानात हिवाळा हा शिलकीवर जगण्याचा काळ आहे, ही एकच गोष्ट मनात धरलीस तरी बाकीचे नियम तुझे तुलाच सुचतील. अस्वले गुहेत निजलेली असतात. एल्क हरणे खालच्या कुरणांत उतरून खुरांनी बर्फ उकरून वाळके गवत खातात, पण त्यांचा खरा आधार शरद ऋतूत अंगावर चढलेली चरबी असते. फोटोसाठी तू चार पावले पुढे गेलास आणि कळप पळाला, तर त्या धावण्यात खर्च झालेले बळ त्यांना वसंतापर्यंत भरून काढता येत नाही. उद्यानाचा नियम एल्कपासून ७५ फूट आणि मूस या मोठ्या हरणापासून १२० फूट अंतर ठेवण्याचा आहे. मी तर म्हणेन की जनावराने चरणे थांबवून मान वर केली, की तेव्हाच मागे सरावे.

तुझीही शिल्लक अशीच जपायची आहे, आणि तीत पहिला येतो उजेड. जानेवारीच्या आरंभी दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा असतो, शिवाय बेअर लेकच्या बाजूला सूर्य पश्चिमेच्या उंच डोंगररांगेआड सूर्यास्ताच्या बराच आधी जातो. म्हणून कुठेही असलास तरी दुपारी दोनला परत फिरायचे, हे निघण्यापूर्वीच ठरव आणि मुक्कामाच्या ठिकाणी कुणाला तरी सांगून ठेव. दुसरी ऊब. पहिल्या हिवाळ्यात मी सुती सदऱ्यावर जाड कोट चढवून उत्साहाने चढलो, घामाने भिजलो, आणि ड्रीम लेकच्या उघड्यावर वारा लागताच हुडहुडीने बोटे इतकी आखडली की बुटाची नाडीही बांधता येईना. तेव्हापासून मी अंगालगत लोकर घालतो, चढ सुरू होण्यापूर्वीच एक थर काढतो आणि थांबताक्षणी, थंडी वाजण्याची वाट न पाहता, तो पुन्हा चढवतो. मोबाईल आतल्या खिशात ठेव. गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते.

हिमस्खलनाबद्दल मात्र धाडस नको. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि कोलोराडोत बर्फाचा थर उथळ व रात्री कडाक्याच्या असल्याने तळचा बर्फ साखरेसारखा भुसभुशीत होतो, ज्यावर वरचा जड थर धड टेकत नाही. ड्रीम लेकच्या पुढे एमराल्ड लेककडे जाताना असे उतार जवळ येतात. कोलोराडो हिमस्खलन माहिती केंद्राचा अंदाज रोज सकाळी वाच. पण पुरेसे प्रशिक्षण घेईपर्यंत उभ्या उतारावर जाऊ नकोस आणि त्याच्या पायथ्याशीही थांबू नकोस. गोठलेल्या तलावांवर, विशेषतः ओढा आत येतो किंवा बाहेर पडतो तिथे, पाय ठेवू नये.

एवढे सांभाळलेस की मग निवांत थांब. ताज्या बर्फाच्या कणांमधल्या पोकळ्या आवाज शोषून घेतात, त्यामुळे हिमवर्षावानंतरच्या सकाळी स्वतःचा श्वासही मोठा वाटतो. दहा मिनिटे उभे राहिल्यावर चिकडी पक्ष्यांची बारीक किलबिल ऐकू येते आणि नजर जमिनीवर उतरते. तिथे पांढऱ्या झालेल्या सशाच्या उड्यांचे ठसे असतील. त्यात मोठी मागची पावले पुढे आणि लहान पुढची पावले मागे उमटतात. उंदराच्या पावलांची नाजूक रांग एखाद्या भोकापाशी संपलेली दिसली, तर ती शोकांतिका समजू नकोस. बर्फाखाली जमिनीलगत एक पोकळी असते, वर कितीही थंडी असली तरी तिथले तापमान शून्याच्या आसपास टिकते, आणि उंदीर आपला हिवाळा तिथेच काढतो. त्या भोकावर पाय पडू देऊ नकोस.

परतल्यावर कोणते ठसे कुठे दिसले ते मला कळव. मी वाट पाहतो आहे.