फोन बोटीत नको, अंगावर हवा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि मग बराच वेळ झोप लागली नाही. तुमचं तिसरंच डाउनविंड (पाठवाऱ्यात लाटांवर बसत समुद्रात वल्हवणं), वारा वीस नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) आसपास, सहा-सात वेळा पडलात. लीश (बोट अंगाला बांधून ठेवणारी दोरी) पायाला गुंडाळली गेली म्हणून पाण्यातच वेल्क्रो उघडून ती सोडवायला गेलात, तेवढ्यात लाटेनं बोट ओढली. फूटस्ट्रॅपमध्ये (बोटीतल्या पाय अडकवायच्या पट्ट्यात) हाताची बोटं अडकली होती म्हणून ती हातात राहिली. हे सगळं तुम्ही दोन ओळींत उरकलंय आणि पुढे विचारलंय की ४८ सेंमी रुंदीची सर्फस्की (वर बसून वल्हवायची लांब, अरुंद समुद्री बोट) विकून ४३ची घ्यावी का, बोटीचं नाक सारखं लाटेत घुसतं त्याचं काय करावं, आणि लीश पोटरीची बरी की कमरेची.

तिन्ही प्रश्नांवर लिहिते, पण आधी त्या दोन ओळींबद्दल. नेमकं हेच माझ्या बाबतीत झालं होतं. फरक इतकाच, की माझी बोटं अडकली नव्हती.

मी प्रशिक्षक नाही. अकरा वर्षं वल्हवतेय, त्यातली नऊ समुद्रात. माझ्यापेक्षा जास्त कळणारे इथे आहेत, चुकलं तर त्यांनी दुरुस्त करावं. पॅडल कसं धरायचं, रडरच्या (सुकाणूच्या) पेडलचं अंतर कसं लावायचं यात मी जात नाही, तीन डाउनविंड केलेल्या माणसाला ते ठाऊक असणारच.

आमचा मार्ग चौदा किलोमीटरचा होता, किनाऱ्याला साधारण समांतर. पाठवारा बावीस नॉटच्या आसपास. मी नवऱ्याला शेवटच्या किनाऱ्यावर गाडी घेऊन थांबायला सांगितलं होतं. सोबतचे दोघे माझ्यापेक्षा वेगवान, ते पुढे निघून गेले. मीच त्यांना "जा, मी येते मागून" म्हटलं होतं. नवव्या किलोमीटरला मी पाचव्यांदा पडले. आधीच्या चार वेळांत लीशचे घोट्याला दोन वेढे बसले होते आणि वर चढताना पाय बोटीवर आणता येईना. मनात आलं, दोन सेकंदांचं काम आहे. डाव्या हातानं कॉकपिटची (बसायच्या खळग्याची) कड धरली, उजव्या हातानं वेल्क्रो उघडला. त्याच क्षणी मागून लाट आली, बोट आडवी झाली आणि ओली कड हातातून निसटली.

पुढचं चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. बोट उलटी झाली होती, पांढरा तळ वर. प्रत्येक माथ्यावर ती वर यायची, रडरचं काळं पातं दिसायचं आणि मग ती पलीकडे उतरायची. मी वीसेक हात मारले असतील, अंतर वाढतच गेलं. वीस नॉटच्या वाऱ्यात सुटलेली रिकामी सर्फस्की लाइफ जॅकेट घातलेल्या माणसाला पोहून गाठता येत नाही. हे मी वाचलेलं होतं, तरी पोहत राहिले आणि दम घालवला.

बोट गेली ही माझी सर्वांत मोठी चूक नव्हे. सर्वांत मोठी चूक सकाळी किनाऱ्यावरच झाली होती. फोन जलरोधक पिशवीत होता, पण ती पिशवी जॅकेटच्या खिशात ठेवली की रिमाउंट करताना, म्हणजे पाण्यातून परत बोटीवर चढताना, छातीखाली टोचायची, म्हणून मी ती बोटीच्या मागच्या कप्प्यात टाकली होती. पाण्याची बाटली बोटीला, जादा जॅकेट कप्प्यात, फोन कप्प्यात. बोट गेली आणि तिच्याबरोबर सगळं गेलं. अंगावर उरलं होतं जॅकेट आणि त्याला बांधलेली शिट्टी. हातात पॅडल. शिट्टी मी भरपूर वाजवली, पण माझे सोबती वाऱ्याच्या दिशेला, दोन-तीन किलोमीटर पुढे, लाटांच्या आवाजात. कोणाला काय ऐकू येणार?

पाणी अठरा अंश होतं. अंगात पातळ लांब बाह्यांचा टीशर्ट. अर्ध्या तासात दात वाजायला लागले आणि तासाभरानं बोटं इतकी आखडली की पॅडल मुठीत धरवेना, काखेत दाबून ठेवलं. तेव्हा फोन खिशात असता तरी त्या बोटांनी पिशवी उघडली असती का, हा प्रश्न वेगळा. म्हणून आता फोनबरोबर आणखीही काही ठेवते, ते खाली लिहिलंय.

शेवटच्या किनाऱ्यापाशी जमीन वळून वाऱ्याच्या आड येते. त्यामुळे माझ्याआधी माझी बोटच तिथे पोहोचली. नवऱ्यानं ती रिकामी वाळूला लागताना पाहिली. त्याच्यावर तेव्हा काय गुजरलं असेल ते इथे लिहिणार नाही.

त्यानं ताबडतोब बचावासाठीच्या अधिकृत नंबरावर फोन केला. समोरच्यांनी विचारलं, "त्या कुठून निघाल्या?" हे त्याला माहीत होतं. "किती वाजता?" माहीत नव्हतं, मी सांगितलंच नव्हतं. "कपड्यांचा रंग?" माहीत नाही. इथपर्यंत दोष माझा. पण त्यानंतर त्याला सांगितलं गेलं की बोट मिळाली आहे म्हणजे त्या आधीच कुठेतरी किनाऱ्यावर उतरल्या असतील, तासभर वाट बघा, आणि हा भाग आमच्याकडे येत नाही, दुसऱ्या नंबरावर लावा. दुसऱ्या नंबरानं परत पहिल्याकडे पाठवलं. यात वीस मिनिटं गेली. शेवटी तो किनाऱ्याच्या टोकाला मासेमारीच्या बोटी लागतात तिथे धावत गेला आणि एका होडीवाल्याचे अक्षरशः पाय धरले. त्या माणसानं एक प्रश्न विचारला नाही, इंजिन सुरू केलं. मी एक तास चाळीस मिनिटं पाण्यात होते. पॅडलच्या पात्यांना केशरी चिकटपट्टी लावलेली होती आणि मी ते उभं धरून हलवत होते. त्याला मी दिसले नाही, ती पट्टी दिसली.

त्या कार्यालयाला मी नंतर दोन पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याचं आलं, त्यात "आपली सूचना संबंधितांकडे पाठवण्यात आली आहे" एवढंच होतं. चार वर्षं झाली, राग गेलेला नाही. रिकामी बोट किनाऱ्याला लागणं ही माणूस पाण्यात असल्याची खूण आहे, तो सुखरूप असल्याची नव्हे, हे त्या खुर्चीवर बसणाऱ्याला कोणीतरी शिकवायलाच हवं. सगळीकडे असंच असतं असं माझं म्हणणं नाही. काही ठिकाणी स्वयंसेवक जीव धोक्यात घालून धावतात, त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण समोरून काय प्रतिसाद मिळेल यावर आपला जीव टांगून निघू नका.

आता मी काय करते ते सांगते. तुमच्याकडच्या पाण्याचं तापमान, नियम वेगळे असतील, त्याप्रमाणे बघा.

पाणी सोडून बाकी काहीही बोटीला बांधत नाही. फोन जॅकेटच्या पुढच्या खिशात, पिशवीला दोरी. छातीला टोचतो म्हणाल तर टोचू दे, किंवा वेगळं जॅकेट घ्या, रिमाउंटचा सराव मात्र तो खिशात ठेवूनच करा. खांद्याजवळ ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन (संकटात मदत मागणारं छोटं यंत्र). अँटेना उघडून बटण दाबायचं की उपग्रहांमार्फत संदेश जातो, आणि तो किमान चोवीस तास चालू राहतो. आखडलेल्या बोटांनाही जमेल असं ते काम आहे, तरी घरी डोळे मिटून करून बघा (अर्थात बटण न दाबता). बीकनची नोंदणी तुमच्या देशात करावी लागते आणि नंबर बदलला की तीही बदलावी लागते, हे बरेच जण विसरतात. हातातला व्हीएचएफ रेडिओ (होड्यांवर वापरतात तो) असेल तर १६ नंबरचा, म्हणजे संकटात हाक द्यायचा चॅनेल. आसपास मासेमारी होड्या असतील तर मला तो फोनपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

निघण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला एक संदेश: कुठून निघतोय, किती वाजता, कुठे उतरणार, किती जण, बोटीचा आणि कपड्यांचा रंग, आणि "अमुक वाजेपर्यंत माझा संदेश आला नाही तर फोन कर". शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ते नसेल तर घरचा माणूस संकोचानं अर्धा तास वाट बघतो.

लीशबद्दल माझं मत ठाम आहे: पोटरीची, गुडघ्याच्या जरा खाली. घोट्याची पायात वेढे घालते. कमरेची काही चांगले लोक वापरतात, चटकन सुटणारी कडी असेल तर तीही ठीक. पण गुंता झाला तर पाण्यात असताना उघडायची नाही. तसंच वर चढा, गुंता पायात असू दे, दोन्ही पाय बाहेर सोडून तोल धरा आणि मग वेढे काढा. चढताच येत नसेल तर आधी एका हाताचं मनगट फूटस्ट्रॅपमधून आरपार घाला, नुसतं धरू नका. तुमचा जीव नेमका यानेच वाचलाय. लीशचं दुसरं टोक कशाला बांधलंय तेही बघा. वेल्क्रोच्या फूटस्ट्रॅपला असेल तर वाळूवर बसून सगळं वजन टाकून ओढा. माझ्या एका मैत्रिणीची लीश शाबूत राहिली आणि फूटस्ट्रॅपच उघडला. किनाऱ्यावर मोठ्या फुटणाऱ्या लाटांतून उतरताना मी लीश काढते, कारण पाणी भरलेली बोट दोरीनं पायाला बांधलेली असणं मला जास्त धोक्याचं वाटतं. यावर मतभेद आहेत, तुमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांना विचारा.

४३ची बोट घेऊ नका. निदान एक पूर्ण मोसम तरी नको. फोटोवरून तुमची बोट चांगली आहे. अरुंद बोट सपाट पाण्यात वेगवान असते, पण डाउनविंडमध्ये तोल सांभाळायला जो प्रत्येक झटका पॅडलनं मारावा लागतो, तो पुढे जाण्याच्या कामी येत नाही. सहा वेळा पडून वर चढण्यात जितका वेळ आणि दम जातो, तेवढा कोणतीही अरुंद बोट परत मिळवून देत नाही. त्याऐवजी पंधरा नॉटमध्ये, किनाऱ्याकडे येणाऱ्या वाऱ्यात, सलग दहा वेळा मुद्दाम पडून वर चढा, पाच डावीकडून, पाच उजवीकडून. शांत पाण्यातलं रिमाउंट मी मोजतच नाही. आणि पंधरावरून वीसला गेलं की "थोडाच वाढलाय" असं वाटतं, पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे जवळपास पावणेदोन पट होतो. मतलई वारा असेल तर जाऊच नका. किनाऱ्यावरून पाणी गुळगुळीत दिसतं आणि माणूस फसतो.

नाक घुसण्याचं कारण बहुधा असं: लाट मिळाली की तुम्ही आनंदानं जोर लावत राहता, सरळ खाली उतरता आणि पुढच्या लाटेच्या पाठीत शिरता. तिथे हात थांबवायचे, अंग जरा मागे घ्यायचं आणि रडरनं तिरकं वळून खळग्याच्या कडेनं पळायचं. खोल पाण्यात चार सेकंदांच्या (दोन माथ्यांमध्ये चार सेकंद जातात अशा) लाटेचा माथा ताशी बावीस किलोमीटरच्या आसपास धावतो. आपण दमून-भागून दहा-बारा. ती सरळ पकडता येत नाही. तिच्या अंगावर जी लहान, दोन-तीन सेकंदांची लाट असते तिच्यावर आधी बसायचं, वेग आला की मोठीवर. शिवाय लाटांचा जथा माथ्याच्या निम्म्याच वेगानं पुढे जातो, त्यामुळे तुमच्या खालची लाट जथ्याच्या पुढे जाऊन विरतेच. ती विरली की तुमचं चुकलं असं समजून जीव तोडून वल्हवू नका. डावी-उजवीकडे बघा, कुठे खड्डा पडतोय, नाक तिकडे वळवा. मागे वळून लाटा बघू नका, पडण्याचं ते मोठं कारण आहे.

तुम्ही केप टाउनच्या मिलर्स रनचे व्हिडिओ बघून सुरुवात केली असं लिहिलंय. मिलर्स पॉइंट ते फिश होक, अकरा-बारा किलोमीटर. तो मार्ग सुंदरच आहे, पण तिथे वारा चालला की पाण्यात बरेच जण असतात, हे कॅमेऱ्यात येत नाही. तुमच्या मार्गावर तुम्ही एकटे असाल तर तुलना करू नका. सोबत्यांशी आधीच ठरवा की दर दोन किलोमीटरला थांबून एकमेकांना बघायचं. "जा, मी येते मागून" हे मी आता कोणाला म्हणत नाही आणि म्हणूही देत नाही.

पुढच्या वेळी निघण्याआधी तुमच्या फूटस्ट्रॅपचा आणि लीशच्या टोकाचा जवळून फोटो टाका. रात्री दहानंतर मी इथे असते, बघून सांगेन. आणि पात्यांना केशरी पट्टी आजच लावा, पाच मिनिटांचं काम आहे.