जुनी येझदी उघडण्याआधी

रत्नागिरीत जुनी येझदी मोटारसायकल मिळाली आणि ती स्वतः दुरुस्त करायची आहे, हे उत्तम झाले. मात्र पाना हातात घेण्यापूर्वी आरसी बुकातील चॅसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळतात का ते पाहा, कारण कागद नसलेली गाडी कितीही चकचकीत केली तरी रस्त्यावर आणता येत नाही.

खाऱ्या हवेत खरा शत्रू गंज, आणि नवशिके बहुधा येथेच घाई करतात. वर्षानुवर्षे उभ्या गाडीला थेट किक मारू नका. स्पार्क प्लग काढून छिद्रातून थोडे टू-स्ट्रोक ऑइल (अशा इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे वंगण तेल) सोडा, ते दोन-तीन दिवस मुरू द्या आणि मगच किक हाताने हळूहळू दाबून पिस्टन हलतो का ते तपासा. अडकलेल्या नटांवरही हातोडा नको, गंज सोडवणारे तेल रात्रभर राहू द्या. टाकी आतून साफ केल्याशिवाय पेट्रोल भरू नये, अन्यथा गंजाचा चुरा कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक छिद्रे, बुजवतो. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळणे तर विसरूच नका.

सगळी गाडी एकदम सुटी करण्याचा मोह आवरा. प्रत्येक भागाचे फोटो काढा, नटबोल्ट नावे लिहिलेल्या पिशव्यांत ठेवा.

रंग आणि क्रोम सर्वांत शेवटी, तेही पावसाळा सरल्यावर, कारण दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो. क्रँक (इंजिनातील फिरता दांडा) आणि गिअरबॉक्सविषयी इंजिन सुरू झाल्यावर विचारा.