ज्येष्ठ प्राध्यापकांना मूडल कसं पटवावं?

प्रश्न : परळच्या आमच्या महाविद्यालयात मूडलची, म्हणजे टिपणं आणि चाचण्या ऑनलाइन देण्याच्या प्रणालीची, जबाबदारी माझ्याकडे आहे. कार्यशाळा घेतल्या, पण ज्येष्ठ प्राध्यापक तिकडे फिरकत नाहीत. काय करू?
– एक सहायक प्राध्यापिका

उत्तर : कार्यशाळा थांबवा. सगळ्यांदेखत 'पासवर्ड विसरलो' असं कोण म्हणेल? स्टाफरूममध्ये एकेकाशेजारी बसा आणि विचारा, "सर, कुठल्या कामाचा सगळ्यात कंटाळा येतो?" चाचण्या तपासण्याचा, असं बरेच जण सांगतील. मग त्यांच्याच बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी मूडलवर लावून द्या. गुण आपोआप लागतात, प्रश्न पुढच्या वर्षीही हाताशी राहतात. व्हिडिओचा विषय इतक्यात नकोच.

मी अर्थशास्त्र शिकवायचे तेव्हा आमचे एक सर कशालाच बधत नसत. पण पावसात लोकल बंद पडली की विरारची मुलं तासाला मुकतात, हे त्यांना फार लागायचं. त्या मुलांसाठी त्यांनी स्वतःहून मूडलवर टिपणं चढवली.

एक भीती मात्र खरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2021च्या नियमांनुसार सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरून करता येतात; 'मग आमचं काय?' हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. शांतपणे ऐकून घ्या. आणि ऑनलाइन तयारीचा वेळ कार्यभारात धरावा, असं प्राचार्यांना लेखी कळवा, तेही याच आठवड्यात.