आजाराचं नाव आणि त्या दिवशीची समज

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया होता, औषधं चालू होती. जाण्याच्या दोन वर्षं आधी त्याने मृत्युपत्र करून सगळं माझ्या नावे केलं. नातेवाईक म्हणतात, वेड्याच्या मृत्युपत्राला काय किंमत! कायद्याच्या लेखी वेडा नेमका कोण?

उत्तर : ताई, तो शब्द आधी बाजूला ठेवू. 'मनोरुग्ण' हे डॉक्टरांचं निदान. 'मनोविकल', 'अक्षम' हे कोर्टाचे निष्कर्ष. निदान झालं म्हणून निष्कर्ष आपोआप निघत नाही. एवढ्या एका गफलतीपायी भावंडं एकमेकांसमोर साक्षीला उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

कोर्ट विचारतं : कोणतं कृत्य, कोणत्या दिवशी, आणि तेव्हा त्याला काय उमगत होतं? इंग्लंडमधला 1870 चा 'बँक्स विरुद्ध गुडफेलो' हा खटला इंग्लिश परंपरेतल्या कोर्टांत आजही दाखला म्हणून दिला जातो. जॉन बँक्सला वाटे, एक मेलेला माणूस आपला पिच्छा पुरवतोय. पूर्वी त्याला वेड्यांच्या इस्पितळातही ठेवलं होतं. त्याने सगळं भाचीला दिलं आणि ते मृत्युपत्र टिकलं. आपण काय करतोय, आपलं काय काय आहे, कोणाचा हक्क पोहोचतो, याची त्याला जाण होती. आणि त्या भ्रमाचा वाटणीशी काही संबंध नव्हता.

हा शेवटचा मुद्दा तुम्ही स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा. 'हे लोक मला विष घालतात' अशा भ्रमातून भावाने बाकीच्यांना वगळलं असेल, तर बाजू कमकुवत होईल. आजार बळावलेला असतानाही मधे शुद्धीचा काळ असू शकतो, आणि त्या काळात केलेलं मृत्युपत्र कायदा मानतो. माझ्या एका वृद्ध अशिलाला आजचा वार सांगता येत नसे. घराचा कोणता भाग कोणत्या मुलाला आणि का, हे मात्र त्या बाई दर वेळी तेच सांगत.

खुनाच्या खटल्यातला 'वेडाचा बचाव' यात मिसळू देऊ नका. इंग्लंडमधल्या 1843 च्या मॅकनॉटन खून खटल्यानंतर रूढ झालेल्या त्या नियमात आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे आरोपीला कळत होतं का, एवढंच पाहतात.

आता त्या तारखेच्या आसपासचे डॉक्टरांचे कागद मिळवा, भावाच्या हातची पत्रं, हिशेब शोधा. साक्षीदारांना लवकर भेटा. मसुदा सांगताना खोलीत कोण कोण होतं, हे त्यांना नक्की विचारा. तुम्ही स्वतः होतात का, हा प्रश्न समोरचा वकील पहिल्यांदा काढेल.