प्रायमरीत मतं चोरली नव्हती, पण पंच तटस्थ नव्हता

२०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीत डेमोक्रॅटिक पक्षानेच बर्नी सँडर्सना पाडलं, मग आपण नव्याने सिटिझन झालेल्यांनी प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानात, मत द्यायला जायचंच कशाला, हा तुमचा प्रश्न. मी न्यू जर्सीत राहते, तेव्हा बर्नींनाच मत दिलं होतं आणि ते हरले त्या रात्री रडलेही होते, त्यामुळे तुमचा राग मला कळतो. पण "चोरी झाली" आणि "नियम अन्यायाचे होते" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्यांची गल्लत केली की खरी तक्रार बाजूलाच पडते.

आधी मोजणीचं बघू. त्यांच्या विरोधातल्या हिलरी क्लिंटनना देशभरात साधारण १ कोटी ६९ लाख मतं पडली, बर्नींना १ कोटी ३२ लाख. मतांवर ठरणारे जे डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी असतात, त्यांच्यातही त्या साडेतीनशेच्या वर पुढे होत्या, म्हणजे सुपरडेलिगेट (पदामुळे आपोआप डेलिगेट झालेले) अजिबात धरले नाहीत तरी त्याच जिंकत होत्या. हे मान्य करायला मला स्वतःला दोन-तीन वर्षं लागली.

पण सुपरडेलिगेटनी जो घोळ घातला तो खराच होता. हे म्हणजे पक्षाचे खासदार, गव्हर्नर, पदाधिकारी वगैरे, तेव्हा सातशेच्या वर होते, आणि त्यांच्यावर मतदारांच्या कौलाचं काही बंधन नव्हतं. न्यू हॅम्पशायरला बर्नी ६० टक्के मतं घेऊन जिंकले, डेलिगेट १५ विरुद्ध ९ असे वाटले गेले, आणि तिथले सहा सुपरडेलिगेट हिलरींकडे असल्यामुळे बातम्यांत आकडा आला १५-१५! एवढा मोठा विजय, आणि बघणाऱ्याला वाटावं की बरोबरी झाली. मग ६ जूनला रात्री मी दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी चिरत होते आणि फोनवर बातमी आली की एपी या वृत्तसंस्थेच्या हिशोबाने हिलरींना उमेदवारी मिळाली. दुसऱ्या दिवशी आमचं मतदान, कॅलिफोर्नियाचं मतदान, आणि आदल्या रात्रीच निकाल, तोही सुपरडेलिगेटना फोन करकरून मिळवलेल्या होकारांवर. आमच्या ऑफिसातले दोघं त्यामुळे मत द्यायला गेलेच नाहीत.

दुसरा अन्याय तारखांचा. माझा मावसभाऊ क्वीन्समध्ये राहतो. सिटिझन झाल्यावर फॉर्म भरताना त्याने कुठल्याच पक्षावर खूण केली नव्हती, कारण आपल्याला वाटतं पक्षाचं नाव कशाला उगाच सरकारी कागदावर. १९ एप्रिल २०१६ ला सकाळी कामाला जायच्या आधी तो रांगेत उभा राहिला आणि तिथे कळलं की न्यूयॉर्कची प्रायमरी फक्त नोंदणी केलेल्या पक्षसदस्यांची, आणि पक्ष बदलायची मुदत होती ९ ऑक्टोबर २०१५, म्हणजे सहा महिन्यांपूर्वी, जेव्हा डेमोक्रॅट उमेदवारांची पहिली डिबेटसुद्धा झाली नव्हती! त्याला अ‍ॅफिडेव्हिट बॅलट, म्हणजे पात्रता नंतर तपासून मोजायची मतपत्रिका, दिला, त्याने तो नीट भरला, आणि तो मोजला गेला नाही. याच मुदतीमुळे ट्रम्प यांच्या मुलीला आणि एका मुलाला स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नव्हतं, म्हणजे बर्नींसाठी मुद्दाम रचलेलं हे काही नव्हतं. नियम जुना होता, सगळ्यांना सारखा होता, आणि तरी वाईट होता. पुढे २०१९ मध्ये कायदा बदलून ही मुदत बरीच अलीकडे, फेब्रुवारीत आणली.

आता आपल्या बाजूचंही बघायला हवं, ते कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. वॉशिंग्टन राज्यात २६ मार्चला कॉकस झाला, शनिवारी तासन् तास बसायचं, सगळ्यांदेखत बाजू घ्यायची, त्यात बर्नींना ७० टक्क्यांच्या वर. त्याच राज्यात मे महिन्यात पोस्टाने प्रायमरी झाली, कितीतरी पट जास्त लोकांनी मत दिलं आणि हिलरी जिंकल्या, पण डेलिगेट मात्र कॉकसचेच धरले गेले. ज्या नर्सची शनिवारी ड्युटी आहे, ज्या बाईचं बाळ तान्हं आहे, तिने काय करायचं? हा नियम आपल्या फायद्याचा होता म्हणून तो न्याय्य ठरत नाही.

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते पंचांचं वागणं. पक्षाच्या स्वतःच्या घटनेत लिहिलंय की प्रायमरीत पक्षाध्यक्ष आणि कर्मचाऱ्यांनी निःपक्ष राहायचं. तरी आधी जाहीर केल्या फक्त सहा डिबेट, २००८ ला वीसच्या वर झाल्या होत्या, त्यात एक ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी रात्री, आणि पक्षाने न ठरवलेल्या डिबेटला गेलात तर पुढच्या बंद अशी अट. मग जुलैमध्ये पक्षाच्या कर्मचाऱ्यांचे ईमेल फुटले, त्यात बर्नींच्या धर्मश्रद्धेचा मुद्दा उकरून काढता येईल का अशी चर्चा होती, आणि फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी पक्षाध्यक्षा डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना पद सोडत असल्याचं जाहीर करावं लागलं. या ईमेलांनी सदतीस लाखांचा फरक पडला असं मी म्हणणार नाही, ते बरेचसे एप्रिल-मेमधले होते, तोवर हिलरी बऱ्याच पुढे गेल्या होत्या. पण मॅच कोण जिंकणार हे दिसत असलं तरी पंचाने एका टीमच्या तंबूत जाऊन बसायचं नसतं.

हरल्यावर बर्नींच्या लोकांनी नुसतं खापर फोडलं असतं तर काहीच हललं नसतं. ते समित्यांवर गेले, नियमांवर भांडले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पक्षाने ठरवलं की चुरस असेल तर अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटना मत नाही. वॉशिंग्टनही २०२० पासून प्रायमरीवर आलं.

आता तुम्ही माझ्याच राज्यात आहात म्हणून इथलं सांगते. मतदानाआधी घरी सँपल बॅलट, म्हणजे नमुना मतपत्रिका, येतो ना, २०१६ चा तो मोठा कागद मी फ्रिजला मॅग्नेटने लावला होता. काउंटी म्हणजे इथला जिल्हा, त्या पातळीवरच्या पक्षाचा ज्यांना पाठिंबा ते सगळे, वर हिलरी आणि खाली काउंटीचे, गावातले उमेदवार, एकाच सरळ रांगेत, बाकीचे दुसरीकडे. याला 'काउंटी लाइन' म्हणायचे, २१ पैकी १९ काउंट्यांत ही पद्धत होती. २०२४ मध्ये सेनेटच्या उमेदवारीसाठी लढणारे खासदार अँडी किम कोर्टात गेले, २९ मार्चला जजने डेमोक्रॅट प्रायमरीपुरती ती रोखली, आणि २०२५ मध्ये कायदाच झाला, आता पदाप्रमाणे वेगळे चौकोन.

त्या कागदाच्या अगदी तळाशी काउंटी कमिटीचा चौकोन होता, आमच्या आजूबाजूच्या चार-सहा गल्ल्यांचे पक्षाचे प्रतिनिधी, आणि तिथे छापलं होतं की अर्जच आलेला नाही. मी ते वाचलं आणि सोडून दिलं. २०१८ ला शेजारणीबरोबर दारोदार फिरून त्या अर्जासाठी सह्या गोळा केल्या, मोजक्याच लागतात, आणि तेव्हापासून त्या चौकोनात माझं नाव असतं. तुमच्या भागात कोण आहे ते काउंटी क्लार्कच्या ऑफिसात विचारा, जागा रिकामी असेल तर फॉर्म कसा भरायचा ते मी सांगते.